ओटीच्या खणांची सहा जॅकेटं

२२ जून २०१३, शनि., बिशान
शेजारच्या देशातल्या जळत्या जंगलांचा धूर अजून गेलेला नाही. खिडक्या बंद. इरा घरातही मास्क लावून बसली आहे. कपाटातले खण बाहेर काढले होते, ते परत प्लास्टिकमध्ये घातले. वास धरला तर जाणार नाही. इतक्या वर्षांत ओटीत आलेले सगळे. वहिनीचे, शिरीषच्या मावशीचे, इथल्या हळदीकुंकवाचे. पुढे कुणाच्या तरी ओटीत घालायचे म्हणून ठेवलेले, आणि कधी घातले गेले नाहीत असे. जांभळा, आमसुली, चिंतामणी. इरा बघून म्हणाली, "कुशन कव्हर करणार का, ममा?"
जॅकेट, म्हटलं. ती म्हणाली, "ओके लाह." म्हणजे नाही.

२६ जून
ॲग्नेसला भेटले. अरब स्ट्रीटच्या मागच्या गल्लीत तिचं छोटं दुकान आहे. कपडे तिचे, आणि तिच्या ओळखीच्या नव्या मुलामुलींचे. दुकानभर पेप्लम. ज्याला त्याला कंबरेपाशी झालर. आणि तो डोळ्यांत जाणारा पोपटी. "पुढच्या वर्षी याकडे कुणी बघणार नाही, म्हणून आत्ता विकायचं," म्हणाली.
माझा नमुना तिने उलटून आतली शिवण आधी पाहिली. मग बाहेरचं कापड. सहा जॅकेटं टांगणार म्हणाली. सप्टेंबरअखेर विकली जाताहेत असं दिसलं, तर मला डिझायनर म्हणून घ्यायचा अर्ज तीच करणार. शिरीषच्या नोकरीमुळे मिळालेल्या डिपेन्डन्ट पासवर आहे मी, मालकाने अर्ज केल्याशिवाय नोकरी नाही. अट एकच, हा कट दुसरीकडे कुठे दिसता कामा नये.
येताना सिटी हॉलला गाडी बदलायची विसरले. त्रेचाळीसाव्या वर्षी डिझायनर. डिझाइनच्या कोर्समध्ये सगळी पोरं आंटी म्हणायची.

३ जुलै
कात्री लावायला धीर होईना. ओटीतलं आहे. शेवटी वहिनीला पुण्याला फोन केला. "अगं काप की. मी दिलेला तो मलाही कुणीतरी दिलेलाच होता. देव काय मोजायला बसलाय?"
कापला. एका खणात जॅकेट बसत नाही, दोन लागतात. दोघींनी माझ्या ओटीत घातलेले दोन. काठ पुढच्या उघड्या कडेला घेतला, तिथेच तो शोभतो. पाठीला जांभळा, बाह्यांना आमसुली. बरं वाटलं. खूप दिवसांनी.

१९ जुलै
सहाही देऊन आले. ॲ.ने दर्शनी भागात टांगली नाहीत, आतल्या रांगेत टांगली. पण टांगली.

२३ जुलै
इथल्या मराठी मंडळातली मैत्रीण मधुरा आली होती. एक जॅकेट मी माझ्यासाठी ठेवलंय, ते खुर्चीवर होतं. आधी हसली. "खणाचं? परकर-पोलक्याचं कापड ग हे. मंडळात सगळ्या नेट आणि निऑन घालतायत." मग घालून आरशात पाहिलं, आणि काढेना.
"कितीला?"
सांगितलं.
"बाई ग. मी शनिवारी पुण्याला चाललेय, आमचा मास्तर शिवेल. तू नुसता कागद दे ना मापाचा."
ॲ.ची अट सांगणारच होते. पण चहा ओतत होते, मग तिने भावाच्या लग्नाचं काढलं, आणि…

इराला डेंग्यू झाला तेव्हा रोज डबा घेऊन हिनेच बसने हॉस्पिटल गाठलं होतं. एक दिवस चुकवला नाही. या माणसाला कागद नाही म्हणायचं?
काढून दिला. वर शिवणीला माया किती सोडायची तेही लिहून दिलं, मास्तरचा घोळ नको म्हणून.

२० ऑगस्ट
एकही गेलं नाही. ॲ. म्हणते, लोक हात लावतात, विचारतात, मग पेप्लम घेऊन जातात. "तुझं कापड लवकर आलं," म्हणाली. लवकर म्हणजे किती, ते तिलाही माहीत नाही.

१४ सप्टें., शनि.
मंडळाचा गणपती. हॉलच्या दारात मधुरा, आणि तिच्यासारख्याच चार जणी. खणाची जॅकेटं. माझा काठ, माझी पाठ. मास्तरने बाही फुगवून ठेवली होती. बाकी हुबेहूब.
मधुराने मला ओढत सगळ्यांपुढे नेलं. "ही आमची डिझायनर. डोकं हिचं, शिलाई सदाशिव पेठेची." सगळ्या हसल्या. मीही. खरंच कौतुकाने बोलत होती ती, खोटं काही नव्हतं त्यात. म्हणूनच कुठे धरावं कळेना.
फोटो काढले. मला मध्ये उभं केलं. आरतीत शब्द विसरत होते.

१७ सप्टें.
ॲ.ने फेसबुक दाखवलं. तो फोटो. खाली माझं नाव.
"विकलीस?"
"नाही. मैत्रीण आहे. पॅटर्न मागितला, दिला."
"फुकट?"
होकारार्थी मान हलवली.
"विकली असतीस तर मला रागावता आलं असतं. आता काय करू? तुमच्यात नाही म्हणत नाहीत?"
तिच्या आवाजात राग नव्हता, ते जास्त लागलं. शेवटी म्हणाली, मशीनवर तुझा हात चांगला आहे, अर्ज शिवणकामासाठी करते. झालरी, झिपा, उंची कमी करणं. डिझायनर म्हणून अर्ज हवा असेल तर महिनाअखेर निदान एक जॅकेट जाऊ दे. तोवर अर्ज पाठवत नाही.

घरी शिरीषला सांगितलं. "परवानगी मिळाल्याशी कारण. नाव काही का असेना." थोड्या वेळाने, "मधुराला बोलू नकोस हं काही. तिचा नवरा माझ्याच टीममध्ये आहे."
इरा पुस्तकातून मान न काढता, "यू जस्ट गेव्ह इट अवे, ममा."

२४ सप्टें.
मधुराचा व्हॉट्सॲप. भिशीतल्या सगळ्यांना हवंय, मास्तर बाहीचा कागद नीट करून मागतोय. 'हो' लिहिलं, पुसलं. 'नाही' लिहिलं, त्याच्यापुढे काय लिहायचं ते सुचेना. 'बघते' पाठवलं. तिने लगेच अंगठा पाठवला.

२८ सप्टें., शनि.
दुकानात गेले. एक चिनी बाई, माझ्याच वयाची, चिंतामणी-जांभळं जॅकेट घालून आरशासमोर उभी. पाठीत घट्ट होत होतं. ॲ.ने मला खूण केली. मी मागे उभी राहून बाजूच्या शिवणी उसवल्या, टाचण्या लावत गेले. माया भरपूर सोडलेली, सैल करता येत होतं.
बाई म्हणाली, असं कापड पाहिलं नव्हतं कधी. मग आरशातून, "डिझाइन कोणाचं?"
ॲग्नेस वळली. माझ्याकडे पाहत राहिली. उरलेल्या टाचण्या माझ्या ओठांत. एकेक काढून हातावर घेतल्या, तोवर बाईचा फोन वाजला.
जॅकेट ठेवून गेलीय, बाजूला. सोमवारी येऊन सांगते म्हणाली. सोमवारी महिनाअखेर.
ॲ.ने त्यावर चिठ्ठी लावली, बाईचं नाव लिहिलं. मला म्हणाली, शिवण घालून ठेव.
घातली. तिच्या मापाची.