धुऊन आलेला डबा

मुरुड, सोमवार

प्रिय सुनंदा,

आज बँकेतून रजा काढून लातूरला गेलो. रोहनच्या शाळेनं बोलावलं होतं. दुपारच्या एसटीनं एकटाच परत आलो. घरात बोलायला कुणी नाही, म्हणून तुला लिहितोय.

आपला रोहन नशेच्या गोळ्या घेतोय. दिवाळीपासून.

तू गेलीस तरी मी त्याचा वसतिगृहावरचा डबा बंद पडू दिला नव्हता. रोज सकाळच्या गाडीत कंडक्टरकडे द्यायचो, संध्याकाळी स्टँडवरून रिकामा आणायचो. तू डबा उघडून बघायचीस. "वरण तसंच आलंय, तोंड आलं असंल त्याला," म्हणत लगेच फोन लावायचीस. मला हसू यायचं. माझ्याकडे तर डबा धुऊन यायचा. शेपूची भाजीसुद्धा संपलेली! पोरगं शहाणं झालं, असं मला वाटलं. जन्मात शेपूला हात न लावणारा मुलगा, सुनंदा. तू ओळखलं असतंस ना?

त्याच्या खोलीतला मुलगा आज म्हणाला, "काका, शेपूची भाजी लई भारी असती तुमची. रोज मीच खातो. रोहन्या नुसता पडून असतो."

वर्गशिक्षक म्हणाले, "वर्गातही झोपायचा. वाटलं, आई गेलीय, घरचे बघत असतील." मी म्हणालो, "सर, मला वाटलं शाळा बघतेय."

मुख्याध्यापक दाखला घेऊन जा म्हणत होते. सरांनीच थांबवलं. "दुपारी मी त्याला समोर बसवतो. डॉक्टरकडे दोघं मिळून नेऊ. पण संध्याकाळी तुम्ही पाहिजेत." आज त्यांनी रोहनला स्वतःच्या घरी ठेवून घेतलंय.

निघताना रोहन म्हणाला, "बाबा, डबा पाठवू नका. मी खात न्हाई." त्यानं ऐकलंच नाही तर? कुणाला विचारू? तू एवढ्या लवकर का गेलीस?

आता डबा एसटीत देणार नाही. बँक सुटली की स्वतः घेऊन जाईन, तो खाईपर्यंत समोर बसेन. उठून गेला तर मागे जाईन. सरांचा फोन आला नाही, तर मी करीन. तो बरा होईल का, मला माहीत नाही. पण एवढं वचन देतो.

मटकी भिजत घालायची राहिलीय. उसळ आवडते ना त्याला? उठतो आणि घालतो.

तुझा,
दिगंबर