चौदाव्या रकान्यातली सही

मी, मार्लीन डायकहाउस, वय त्रेसष्ट, राहणार झीलंड, मिशिगन, जनावरांच्या दवाखान्यात एकोणतीस वर्षे मदतनीस, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि स्वखुशीने लिहून ठेवते. माझे हात थरथरतात. डोके ताळ्यावर आहे, तसा दाखला सोबत जोडला आहे. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते बहिणीवर चिडून केले होते.

१. घर बहीण गेर्डा हिला. तिने जन्मभर चारचौघांत विचारले, "काय गं, मांजरं धरून ठेवायचा पगार देतात होय तुला?" देतात, गेर्डा. त्याच पगारातून या घराचे हप्ते फिटले. खुशाल राहा. स्वयंपाकघराच्या दारावरचे ओरखडे मात्र रंगवायचे नाहीत.

२. बँकेतली सगळी शिल्लक माझी सहकारी इनेस बाराहास हिला. गेर्डाने कोर्टात जाऊ नये म्हणून कारण सविस्तर लिहिते.

सहा वर्षांपूर्वी आमच्या दवाखान्यात मदतनिसांसाठी पगाराच्या पायऱ्या आल्या. कौशल्य दाखवा, वर चढा, पगार वाढेल. वीस रकान्यांचा तक्ता आणि प्रत्येक रकान्यापुढे डॉक्टरांची सही. अट एकच, काम डॉक्टरांनी स्वतः पाहिलेले हवे. माझ्या एकोणीस सह्या दोन महिन्यांत झाल्या. उरला चौदावा रकाना: चवताळलेले मांजर रक्त काढून होईपर्यंत धरणे. हे काम मी दिवसातून चारदा करत होते, डॉक्टर ब्रिंकमन यांच्या नाकासमोर. पण त्यांचे डोळे शिरेवर. मांजर हललेच नाही तर धरणारीकडे कोण बघतो?

"डॉक्टर, चौदावा तेवढा राहिलाय."

"अगं मार्लीन, तुला धरताना मी नीट पाहिलंच नाही कधी. खोटी सही कशी करू?"

"मग आता बघा."

"आता? सुई घालतोय ना मी!"

कॉर्बिन नावाच्या नव्या मदतनिसाच्या हातून मात्र पहिल्याच आठवड्यात मांजर सुटले. ते छताच्या दिव्यावर चढले आणि दिवा डॉक्टरांच्या डोक्यात पडला. मग काय विचारता! पुढची तीन मांजरे डॉक्टरांनी सुई बाजूला ठेवून त्याच्या हातांकडे टक लावून पाहिली. चौथ्या दिवशी सही. आज कॉर्बिन तिसऱ्या पायरीवर आहे आणि मांजर कसे धरावे ते इतरांना शिकवतो. त्याला मी शिकवले होते.

इनेसच्या हातूनही मांजर सुटत नाही, म्हणून तीही अकरा वर्षांच्या नोकरीनंतर पहिल्याच पायरीवर. मी एकदा वैतागून म्हटले, "अगं, सोड की एखादं!"

"आणि त्याला लागलं तर, मार्लीन?"

या उत्तराचा मला अभिमान वाटतो आणि संतापही येतो. तिचा न वाढलेला पगार तिला निदान इथून मिळावा.

३. माझा मांजर गुंडाळायचा जाड टॉवेल कॉर्बिनला. दिवा पुसायला होईल.

४. माझा बोका बिशप, वजन सात किलो, स्वभाव वाईट, तोही इनेसला. त्याला दुसरे कोणी धरू शकत नाही.

५. डॉक्टर ब्रिंकमन यांना काहीही नाही. साक्षीदाराला काही न ठेवलेले बरे, असे वकील म्हणतात, आणि साक्षीदार मी मुद्दाम डॉक्टरांनाच नेमले आहे. साक्षीदाराला सही करणारीच्या हाताकडे बघावेच लागते. माझे हात आता मांजर धरण्याच्या कामाचे राहिले नाहीत, त्यामुळे माझा चौदावा रकाना कोराच राहणार. इनेसचा राहू नये. सहीच्या दिवशी माझ्या घरी बिशपचे रक्त काढायचे आहे. इनेस धरेल. तिचा तक्ता या कागदाखाली ठेवला आहे. डॉक्टरांनी सुई खाली ठेवून आधी तिचे हात पाहावेत, मग माझे.

झीलंड, ९ ऑक्टोबर २०२४
सही: मार्लीन डायकहाउस

साक्षीदार १: वेंडी स्खाप, शेजारीण. सही होताना मी समोर होते. बोका मलाही चावला.

साक्षीदार २: डॉ. रोल्फ ब्रिंकमन. मार्लीनने माझ्यासमोर सही केली. पेन धरायला तिला दोन्ही हात लागले. त्याआधी इनेसने बिशपला धरले, तेही मी पाहिले आणि तिच्या चौदाव्या रकान्यात सही केली. मार्लीनचा तक्ताही मी दवाखान्यातून आणला होता, त्यावरही करणार होतो. तिने कागद ओढून घेतला. म्हणाली, "पाहिलं नाहीत ना डॉक्टर? मग खोटी सही कशी कराल?"