सुरमईचा रंग

३ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

आमच्या शब्दकोशाच्या कचेरीत सध्या माशांची पानं चालू आहेत आणि सुरमई माझ्या वाट्याला आली आहे. साहेब म्हणतात, पाठीच्या सुरम्यासारख्या निळसर करड्या रंगावरून हे नाव पडलं. तुम्ही चाळीस वर्षं ठेल्यावर मासे कापताय, तेव्हा तुमची साक्ष हवी. लवकर कळवा, नाहीतर तिथे येऊन डोकं खाईन.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नका.

तुमची खारूताई

९ फेब्रुवारी

चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या साहेबांना म्हणावं, खुर्ची सोडून जरा बाजारात या. काल मुद्दाम सुरमई दिव्याखाली धरून पाहिली. सुरमा कुठला? पाठ चहासारखी मातकट. हल्ली सगळ्याच तशा येतात, बर्फात काहीतरी घालत असतील. तुझ्या आईनं निळे म्हणून आणलेले पडदेही मातकटच निघाले. दुकानदारानं तिला गंडवलं असं म्हणालो, तर दोन दिवस अबोला आहे. अंगठ्याला पट्टी असल्यानं अक्षर वाकडं आलंय. काळजी नको.

तुझ्यावर जीव असलेला,
बाबा

१४ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. काल इथल्या बाजारात जाऊन सुरमई पाहिली. ती निळसर करडीच आहे, बाबा. पडदेही निळेच असणार. डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारलं, तर मोतीबिंदूनं निळा रंग असा मळका दिसू शकतो म्हणाल्या. अंगठा सुरीनंच कापला ना? हात जोडते, तपासून येईपर्यंत तिला हात लावू नका. मला फार भीती वाटतेय.

रागावलात तरी लोभ ठेवा.

खारूताई

२ मार्च

चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद.

उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, डाव्याची पुढच्या महिन्यात. आधी कळवलं नाही, कारण घाबरलो होतो. वर्षभर नीट दिसत नव्हतं, बोटांनी चाचपून कापत होतो. डोळे गेले की ठेला जाणार, आणि ठेल्याशिवाय मी कोण, म्हणून मूग गिळून गप्प बसलो.

पट्टी निघाल्यावर तुझ्या आईनं सुरमई आणून पुढ्यात ठेवली. डावा डोळा मिटला की सुरमा, उजवा मिटला की चहा. तीनदा करून पाहिलं, मग डॉक्टरांनी नको म्हटलं असूनही रडलो. पडद्यांबद्दल आईची माफी मागितली. सुरी सध्या तिच्याच ताब्यात आहे.

साहेबांना म्हणावं, खुशाल छापा. हे नाव पहिल्यांदा कुणी ठेवलं कोण जाणे, पण त्याचे डोळे शाबूत होते.

आता अर्धं जग स्वच्छ दिसणारा,
बाबा