शंभराचे पंच्याण्णव

३ मार्च, सोमवार. सकाळी ११.३०

आजपासून इंजेक्शन बंद. कायमचं. पुढे लोक विचारतील तेव्हा तारीख हाताशी असावी म्हणून लिहून ठेवतोय.

कारणही लिहितो. आज डॉक्टरांकडे गेलो. नऊ महिने दर शुक्रवारी पोटाला सुई टोचून घेतली, एकशे तीनवरून ८३.४ वर आलो. वाटलं, पाठ थोपटतील. डॉक्टर फाइल बघत म्हणाले, छान, औषधाने चांगलं काम केलंय. औषधाने! मग नऊ महिने मी काय करत होतो, औषधाला फिरायला नेत होतो? असं विचारलंही. ते म्हणाले, चिडू नका, डोस हळूहळू कमी करू, एकदम सोडलंत तर भूक परत येते आणि तिच्या मागोमाग वजन. मी म्हणालो, येऊ दे, बघून घेतो. उठलो. खुर्ची पडली. उचलली नाही. तत्त्वाचा प्रश्न होता.

कॉलेजही तत्त्वावरच सुटलं. दुसऱ्या वर्षाला सर म्हणाले, दारात उभा राहू नकोस, वर्गात उजेड येत नाही. वर्ग हसला. मी वळलो तो थेट गेटबाहेर, आणि तिथून मामाच्या वर्कशॉपमध्ये. तेव्हापासून वजनकाटे दुरुस्त करतो. यावर नातेवाइकांनी करायचे ते सगळे विनोद करून झालेले आहेत.

संकल्प : रोज पाच किलोमीटर चालणे. साखर बंद. डोकं शांत ठेवणे.

७ मार्च, शुक्रवार

एक गोष्ट हिशेबात धरलीच नव्हती. इंजेक्शन बंद म्हणजे मेडिकल बंद. मेडिकल बंद म्हणजे ती बंद.

ती कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये काउंटरला असते. महिन्याची इंजेक्शनं एकदम नेता येतात, पण आमचा फ्रिज भरवशाचा नाही असं सांगून मी दर शुक्रवारी एकच न्यायचो. (फ्रिज उत्तम आहे.) फेब्रुवारीत एकदा ती म्हणाली होती, तुम्हाला आता ओळखूच येत नाही हो. त्या दिवसापासून माझं लक्ष कशातच नाही.

आज जाऊन कापूस घेतला. तिने विचारलं, इंजेक्शन नको? म्हणालो, सोडलं, आता गरज नाही. तिने हातातलं पेन खाली ठेवलं. म्हणाली, अगोबाई, खरंच? आणि वजन टिकलंय? मी म्हणालो, तुमच्यासमोरच उभा आहे. (पाचवा दिवस.)

मग म्हणाली, माझ्या बाबांनाही तेच इंजेक्शन चालू आहे, शुगरसाठी आणि वजनासाठी, आणि तेही कंटाळलेत. तुमचं टिकलं तर मला सांगा हं.

त्यातला 'हं' मी घरी येईपर्यंत पुरवून पुरवून ऐकला.

१४ मार्च, शुक्रवार

८३.१. उतरलं! औषधाने काम केलंय म्हणे. डॉक्टरांना पत्र लिहिलं, दोन पानी. दुसऱ्या पानावर तोल गेला म्हणून टाकलं नाही. चालणं : पाचऐवजी दोन किलोमीटर, पण झपाझप. मेडिकलमधून बँडेजपट्ट्या घेतल्या.

२१ मार्च, शुक्रवार. दुपारी ४.१०

८४.०. अंगात पाणी धरलं असणार.

एक मात्र झालंय. इंजेक्शन चालू होतं तेव्हा डोक्यात कशी शांतता होती. शेजाऱ्यांचं ड्रिलिंग थांबल्यावर कळतं ना की इतका वेळ ते चालू होतं, तशी. परवापासून ड्रिलिंग पुन्हा सुरू झालंय. मी स्क्रू पिळतोय आणि डोकं म्हणतंय, डब्यात बटाटा आहे. डबा संपला तर म्हणतंय, समोर बेकरी आहे. मी म्हणतो, गप्प बस. ते म्हणतं, ताजा पाव चारला निघतो.

आता चार दहा झालेत. मी जाणार नाही.

४.२५. एकच घेतला. छोटा.

२८ मार्च, शुक्रवार

८५.२. अशक्य. घरचा काटा बिघडलाय. ओल, जुनी बॅटरी, काहीही असू शकतं. काखेत मारून वर्कशॉपला नेला. आमच्याकडे वीस-वीस किलोची पाच प्रमाण वजनं आहेत, कुठलाही काटा त्यांच्यावर तपासायचा असतो. शंभर किलो चढवले. काट्याने दाखवलं, १००.०.

म्हणजे वजनंच चुकीची असणार, असं मामाला म्हणालो. मामा म्हणाला, वजनं मागच्याच महिन्यात सरकारी खात्यातून तपासून आलीत, शहाण्या. तुला कुठून तपासून आणू?

मी दिवसभर मामाशी बोललो नाही. त्याच्या लक्षात आलं नाही.

४ एप्रिल, शुक्रवार

घोटाळा झाला.

तिने विचारलं, टिकलंय ना? टिकलंय म्हणालो. (८५.९. पण मूळ एकशे तीनच्या मानाने बघितलं तर हे टिकलेलंच म्हणायचं.) ती म्हणाली, तुमचं उदाहरण सांगितलं आणि बाबांनीही सोडलं! डॉक्टर हळूहळू कमी करू म्हणत होते, पण बाबा म्हणाले, तो पोरगा एकदम सोडून टिकवतो, मग मला काय धाड भरलीय?

मी 'वा' म्हणालो. 

आता बाबा दर शुक्रवारी दुकानातल्या काट्यावर वजन करणार. दाराजवळ उभं राहायचा मोठा इलेक्ट्रॉनिक काटा आहे. ती म्हणाली, तुम्हीही करत जा, बाबांना हुरूप येईल. चला ना, आत्ताच करा. मी म्हणालो, पाय मुरगळलाय. तिने क्रेप बँडेज दिलं आणि ते कसं बांधायचं तेही दाखवलं. घरापर्यंत लंगडत आलो, कारण ती दारातून बघत होती. आईने विचारलं, काय झालं रे? म्हणालो, काही नाही. आई म्हणाली, मग नीट चाल की.

संकल्प : दोन आठवड्यांत ८३. उपाय : संध्याकाळचं जेवण बंद.

५ एप्रिल, शनिवार

संध्याकाळचं जेवण बंद केल्यामुळे दुपारचं वाढलं. संध्याकाळचं पुन्हा सुरू केलं.

१८ एप्रिल, शुक्रवार

८७.१. आज जे झालं ते फक्त तांत्रिक बाब म्हणून नोंदवतो.

दुकानांतले काटे वर्षातून एकदा तपासायचे असतात. मामाने यादी दिली, यादीत तिचं मेडिकल होतं. पाचही वजनं हातगाडीवर घालून गेलो. ती म्हणाली, अरे, हे तुमचं काम आहे? मला वाटलं तुम्ही जिममध्ये असता. जिममध्ये!

काटा तपासताना त्याला सांगावं लागतं की तुझ्यावर आत्ता किती वजन आहे. मग तो तेच प्रमाण धरून बसतो. मी शंभर किलो चढवले. ती बाबांबद्दल सांगत होती. म्हणाली, आता पुढच्या शुक्रवारी तुम्ही दोघं बरोबर वजन करा हं, पाय बरा झाला असेल तोवर. मी बटणं दाबत होतो. शंभर टाकायचे होते, पंच्याण्णव टाकले.

सील लावलं. आमच्या प्रत्येक सीलवर ते लावणाऱ्याचा नंबर असतो. त्याकडे बघितलं नाही.

हे तात्पुरतं आहे. खरं वजन उतरलं की एखाद्या दिवशी जाऊन गुपचूप नीट करून टाकीन. कोणाचं काही बिघडत नाही. वजनकाटाच आहे, कोणाचं धान्य थोडंच मापायचंय.

२५ एप्रिल, शुक्रवार

८२.९ (दुकानातला काटा).

तिने टाळ्या वाजवल्या! दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, त्यांनीही माझ्याकडे बघितलं. तिचे बाबा आले होते. भारदस्त माणूस, आवाज मोठा. ते उभे राहिले, ८८ दाखवलं. म्हणाले, बघ पोरी, एक ग्रॅम वाढलो नाही, उलट उतरलो! आणि माझ्या पाठीवर अशी थाप मारली की मी काट्यावर पुन्हा चढता चढता राहिलो.

घरचा काटा ८७.३ म्हणतो. आजपासून या वहीत दुकानाचा आकडा लिहायचा. एका माणसाला दोन वजनं असणं बरोबर नाही.

९ मे, शुक्रवार

८३.९ (दुकान). पँटचं बटण उडालं, आईच्या चहात पडलं. हल्ली कापड आटतं.

तिच्या बाबांनी रविवारी घरी बोलावलं. म्हणाले, आम्हाला जरा गुरुमंत्र द्या. आणि अभिमानाने सांगितलं की डॉक्टरांकडे दर महिन्याला तपासणीला जायचं होतं, ते सोडून दिलं. वजन तर इथे दिसतंच आहे, मग रक्त कशाला काढून द्यायचं?

इथे मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही. तेवढ्यात ती म्हणाली, नक्की या हं.

११ मे, रविवार

गेलो. शिस्त, मनोनिग्रह आणि चावून खाणे या विषयांवर अर्धा तास बोललो. तिचे बाबा वहीत लिहून घेत होते. ती लोणी लावलेला टोस्ट पुढे करत होती आणि नाही म्हणणं बरं दिसत नव्हतं. सहा झाले. बाबा म्हणाले, बघ, हे सगळं खातात आणि तरी असे! त्यांनीही सहा खाल्ले.

२३ मे, शुक्रवार. दुपारी ४.४०

मेडिकलला गेलो नाही. गेल्या शुक्रवारपासून दुकानाचा काटासुद्धा ८५ च्या खाली येईना.

खरं लिहितो, कोणी वाचणार नाही. घरी कोणी नव्हतं. स्वयंपाकघरात उभ्याउभ्या अख्खा पाव खाल्ला. चौथ्या तुकड्याला भूक संपली होती. तरी हात जातच राहिला, मी नुसता बघत होतो. मला राग आला, सवयीने. पण नेहमी समोर कोणीतरी असतं, सर असतात, डॉक्टर असतात, खुर्ची असते. इथे पावाची पिशवी होती. ती मोकळी होती.

आई आल्यावर म्हणाली, पाव कुठे गेला? मी म्हणालो, बुरशी आली होती, टाकला. आईने मोकळ्या पिशवीची घडी घातली. मग म्हणाली, उद्यापासून दोन आणते.

६ जून, शुक्रवार. संध्याकाळी ६



सकाळी तिचे बाबा मेडिकलच्या दारात चक्कर येऊन पडले. डॉक्टरांकडे नेलं. शुगर भलतीच वाढलेली. डॉक्टरांच्या काट्यावर वजन दुकानातल्या काट्यापेक्षा साडेचार किलो जास्त. डॉक्टर म्हणाले, दोन महिने होतात कुठे? बाबा म्हणाले, वजन जागेवर होतं हो, मी दर आठवड्याला बघत होतो.

दुपारी ती रिक्षात काटा घालून वर्कशॉपला आली. मामाला म्हणाली, काका, हा चुकीचं दाखवतोय, माझे बाबा ॲडमिट आहेत. माझ्याकडे बघून म्हणाली, बरं झालं तुम्ही आहात.

मामाने एकेक करून पाच वजनं चढवली. ९५.०.

मी म्हणालो, ओल. उन्हाळ्यात सेन्सर सरकतात. रिक्षात धक्का लागला असेल. तीन कारणं एका श्वासात दिली. मामा चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला, बिघडलेला काटा चौऱ्याण्णव पॉइंट तीन दाखवतो, सत्त्याण्णव पॉइंट सहा दाखवतो. असा गोल आकड्यात कोणी बिघडत नाही. हे कोणीतरी सांगितलंय त्याला.

मग सील उलटं करून नंबर वाचला. मोठ्याने नाही वाचला. माझ्यासमोर धरला.

तिने विचारलं, का? एवढंच. मी वर्कशॉपमध्ये चहाचा कप फोडलाय, पंख्याशी भांडलोय, आज काहीच फोडता येईना. म्हणालो, तुम्ही टाळ्या वाजवल्या होत्या म्हणून. ते ऐकायला फार वाईट वाटलं. मला.

ती मामाला म्हणाली, काका, नीट करून कधी मिळेल? मामा म्हणाला, आत्ता देतो, बस. तिने स्टूल नाकारलं. दहा मिनिटं उभी राहिली. माझ्याकडे पाठ करून नव्हे. नेहमीसारखी, सरळ. ते जास्त होतं.

ती गेल्यावर मामा म्हणाला, आजपासून सीलला हात लावायचा नाही. पुसायचं, उचलायचं. आणि त्या माणसाला दवाखान्यात जाऊन भेटायचं.

९ जून, सोमवार

भेटलो. भाषण तयार करून गेलो होतो. तिचे बाबा उशीला टेकून बसले होते. मी सगळं सांगितलं. त्यांचा मोठा आवाज लागलाच नाही. विचारलं, म्हणजे तुमचंही परत आलं? हो म्हणालो. किती? आठ किलो.  मग म्हणाले, मला रोज चारला खा-खा सुटते. तुम्हाला?

मलाही चारला, म्हणालो.

म्हणाले, आता जा तुम्ही. ती यायची वेळ झाली.

१३ जून, शुक्रवार

डॉक्टरांकडे गेलो. रागावायची पूर्ण तयारी होती. ते काहीच टोचून बोलले नाहीत, त्यामुळे ती वाया गेली. म्हणाले, इच्छाशक्ती कमी पडली असं समजू नका, शरीर जुन्या वजनाकडे ओढतंच. औषध पुन्हा चालू करू, लहान डोसपासून. सोडायचं झालं तर या वेळी मला विचारून सोडा. मी मान हलवली. चिठ्ठी घेतली. बाहेर आलो.

इंजेक्शन दुसऱ्या मेडिकलमध्येही मिळतं. तिकडेच निघालो होतो. दोन चौक गेलोही. मग म्हटलं, आज नाही तर कधीच नाही.

काउंटरला तीच होती. चिठ्ठी घेतली. फ्रिज उघडून खोकं काढलं. म्हणाली, थंड जागी ठेवायचं, गोठवायचं नाही. मी म्हणालो, बाबा कसे आहेत? म्हणाली, घरी आलेत. मी म्हणालो, मला— ती म्हणाली, एक मिनिट. या औषधाची नोंद करावी लागते. रजिस्टर ओढलं, पेनाचं टोपण काढलं.

नाव विचारलं. सांगितलं.

वय. सांगितलं.

वजन.

मागे तिघं उभे होते. म्हणालो, एक्क्याण्णव पॉइंट चार.

तिने लिहिलं. म्हणाली, महिन्याची एकदम न्या, दर शुक्रवारी यायची गरज नाही. मग माझ्या खांद्यावरून बघून म्हणाली, बोला काका, काय हवंय?