चेकर माझ्या नावावर

११ सप्टेंबर

दादाचा फोन. चेकर चावला! पेपरवाल्याच्या पोटरीला. टाके पडले म्हणे. मी विचारलं, चूक कोणाची? तर म्हणाला, "चुकीचं काय विचारतेस, कुत्रा माझा आहे." बरोबर आहे. कुत्रा त्याचा, पोटरी पेपरवाल्याची, माझं त्यात ना घेणं ना देणं. दातांच्या लॅबमधून कवळ्या घासायला घरी आणल्या होत्या, त्या घासत बसले.

१४ सप्टेंबर

दादाकडे जाऊन आले. थोरला भाऊ, त्यात बसचा रिटायर्ड कंडक्टर, त्यात वहिनी गेल्यापासून एकटा — त्याला काही समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. जन्मभर तिकीट चेकरला घाबरला, म्हणून कुत्र्याचं नाव चेकर. आता चेकर पायाशी बसतो, याचंच त्याला समाधान. येईल त्याचे खिसे हुंगतो, हेही खरं. माझेही हुंगले. मी पाय वर घेऊन बसले. मला कुत्री आवडत नाहीत. दिवसभर दातच बघते मी, घरी कशाला आणखी?

सुनावणीची नोटीस आली आहे. बरोबर चल म्हणाला.

१९ सप्टेंबर

नगरपालिकेत सुनावणी. वाटलं होतं दादा भांडेल. कसलं काय — तोंडातून अक्षर काढलं नाही! कुत्र्यांच्या नोंदणीच्या बाई पुन्हा पुन्हा विचारत होत्या, आधी काही घडलं का, कोणी डिवचलं का. हा आपला चपलांकडे बघतोय. पेपरवाला भला माणूस. म्हणाला, फाटक उघडं होतं, कुत्रा धावत अंगावर आला, मी घाबरून लाथ झाडली, मग चावला. माझंही चुकलंच असेल, असंही म्हणाला.

निकाल: चेकर धोकादायक. बाहेर नेताना तोंडाला मुसकं, दारावर पाटी, आणि ठेवायला बंदिस्त अंगण — भिंत माणसाच्या डोक्याच्या वर. दादा भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो, फाटक सगळ्या बिऱ्हाडांचं. मग दुसरी वाट: अंगण असलेल्या माणसाच्या नावावर कुत्रा करून द्यायचा. महिन्याच्या आत. तेही जमलं नाही तर इंजेक्शन देऊन संपवणार. बाईंनी हे जड शब्दांत सांगितलं, पण अर्थ तोच.

मला नियम पटला. चावतो त्याला आवर घालायलाच हवा, मग तो कोणाचा का असेना.

बसमध्ये दादा म्हणाला, "तुझ्या मागच्या अंगणाची भिंत किती उंच आहे गं?"



२० सप्टेंबर

नाही म्हणजे नाही.

२५ सप्टेंबर

दादाने ओळखीपाळखीतले सगळे पालथे घातले. जुने ड्रायव्हर, डेपोतले लोक, वहिनीचा मामेभाऊ. कुत्रा म्हटलं की हो, चावला म्हटलं की हात वर. मी म्हटलं, चावला हे सांगतोस कशाला आधी? तर म्हणाला, लपवून दिला तर देणाऱ्यावर खटला होतो. शिवाय घेणाऱ्याने सांभाळायचं कशाच्या भरवशावर?

एक गोदामवाला मिळाला होता. चावरा असेल तर उत्तमच म्हणाला! दिवसभर साखळीला बांधणार, माणसाची सवय राहू देणार नाही. दादा चेकरला घेऊन तसाच उठला. चालत आला, अख्खं गाव तुडवून. माझ्या पायरीवर बसला तेव्हा कुत्र्यापेक्षा तोच जास्त धापा टाकत होता. मी दोघांना पाणी दिलं. वाईट वाटलं. कुत्र्याचं नाही, दादाचं.

२९ सप्टेंबर

मी दादाला हो म्हणाले. आ बैल मला मार!

नुसतं नाव चढवून भागत नाही. बाईंनी बजावलं: कुत्रा इथेच राहायचा, दादाकडे एक रात्रही नाही. त्या घरी येऊन बघणार, कुत्रा माझं ऐकतो का. आणि पुन्हा कोणालाही चावला — घरच्या माणसाला का असेना — तर सुनावणी वगैरे नाही. थेट शेवट.

३ ऑक्टोबर

चेकर आला. 'बस' म्हटलं तर उभा. 'थांब' म्हटलं तर जातो. 'इकडे ये' म्हटलं तर भिंतीकडे बघतो. मोठा तोऱ्यात!

५ ऑक्टोबर

दादाला म्हटलं, हा बहिरा आहे का? त्याने खिशातून सायकलची घंटी काढली. एकदा वाजवली. चेकर जागच्या जागी थांबला. दोनदा वाजवली — सुसाट निघाला! एक बेल थांब, दोन बेल चल. फिरायला नेताना असंच शिकवलं म्हणे, शब्दांची गरजच कधी पडली नाही. मी पोट धरून हसले. कंडक्टर रिटायर झाला, पण बस चालूच!

आणि मग हसता हसता थांबले. पेपरवाला सायकलवरून येतो.

विचारलं. दादा घंटीवरचा गंज खरवडू लागला. मग म्हणाला, "दोनदा वाजवली त्याने. नेहमी एकदाच वाजवतो."

मग सांगितलंस का नाही, माणसा? तर याने नियम वाचून ठेवला होता. इशाऱ्यावर माणसाच्या अंगावर जायला शिकवलेला कुत्रा कोणाच्याच नावावर होत नाही. त्याला इंजेक्शनशिवाय दुसरी वाटच नाही. "मी चालायला शिकवलं गं," म्हणाला. "अंगावर जायला नाही. पण हे तिथे कोण मानणार?"

भयंकर राग आला. तिकडे तो पेपरवाला लंगडत फिरतोय आणि स्वतःलाच दोष देतोय. उठून जा म्हणाले दादाला. गेला.

मला आता हे माहीत आहे आणि मीही बाईंना सांगितलेलं नाही. अळीमिळी गुपचिळी. दादाला बोलायला मला तोंड कुठे आहे?

६ ऑक्टोबर

दादाची घंटी इथेच राहिली होती, ती विहिरीत टाकून दिली. आता तोंडाने शिकवायचं.

१० ऑक्टोबर

'थांब' जमतंय. पाच वेळा सांगितलं की तीनदा ऐकतो. 'बस' नाही. दादा भिंतीपलीकडे गल्लीत उभा राहतो, आत येत नाही. त्याचा आवाज ऐकला की चेकर माझं काहीच ऐकत नाही, म्हणून मीच तसं सांगितलं. चहा मी फाटकातून बाहेर देते. आमचा थोडा अबोला आहेच, पण चहाशी काय वैर!

१५ ऑक्टोबर

बाई आल्या. भिंत मोजली, कडी ओढून पाहिली, पाटी वाचली. मग म्हणाल्या, कुत्रा मोकळा सोडा, तुम्ही बोला.

'ये' — आला. 'बस' — विचार करून बसला. एवढ्यात गल्लीतून कोणी सायकलवर. ट्रिंग ट्रिंग! चेकर ताडकन उठला. बाई त्याच्या समोरच, हातात टेप. ओरडले नाही, नेहमीसारखंच म्हटलं, थांब. त्याने माझ्याकडे पाहिलं. थांबला. मागचा एक पाय थरथरत होता, पण थांबला!

बाई म्हणाल्या, चांगलं वळण लावलंय. चेकर माझ्या नावावर झाला.

संध्याकाळी दादा आत आला. मुसकं, पट्टा, जुनं पांघरूण माझ्या हातात दिलं आणि चेकरला हात न लावता निघाला. मी म्हटलं, "दादा, रविवारी जेवायला ये. दर रविवारी." मान हलवली. फाटकाबाहेर जाऊन कडी दोनदा ओढून पाहिली. मला रडू आलं. का ते माहीत नाही, मला तर कुत्री आवडत नाहीत.

२२ ऑक्टोबर

चेकर रात्री माझ्या खोलीच्या दाराशी आडवा झोपतो. ओलांडून जावं लागतं. अडगळ.

३० ऑक्टोबर

लॅबमधून यायला उशीर झाला. फाटकाच्या आत वाट बघत बसला होता, जेवला नव्हता. घरात कोणीतरी आपली वाट बघतं, हे मी विसरूनच गेले होते. त्याला तसं सांगितलं. खिसे हुंगून झाल्यावर मग जेवला.

७ नोव्हेंबर

चूक माझी. चेकर खात असताना मधेच भांडं ओढलं. डावा हात, खोल लागलंय.

दवाखान्यात विचारलं, कुत्रा कोणाचा? म्हटलं, रस्त्यावरचा. पुन्हा दिसला तर ओळखाल? नाही म्हटलं. मग रेबीजची सगळी इंजेक्शनं घ्यावी लागतील म्हणाले.

म्हटलं, द्या.