पस्तिसाव्या दिवसाचं नाव

वोनोसारी, ९ मार्च १९८८

चि. सुमार्नीस आईचा पोटभर आशीर्वाद.

जावईबापूंचं कार्ड पोचलं. मुलगी झाली, बुधवारी, आपल्या पाच बाजारवारांतल्या वागेला. कार्ड हातात घेऊन मी सगळी आळी फिरले, अंडं घातलेल्या कोंबडीसारखी. आता माझं मलाच वाचता येतं. प्रौढवर्गाच्या बाई म्हणतात, पाइनेमबाईंचं अक्षर शेळीनं चरल्यासारखं आहे, पण लागतं. तू दोन ओळी लिहिल्या नाहीस, दमली असशील.

नावाचं काय केलंत? वागेची म्हणून वागियेम म्हणता येईल. मी पाहिंगच्या बाजाराला झाले म्हणून पाइनेम, त्यात कुणी डोकं चालवलं नाही. हल्ली गंमतच असते. शेजारचा भूकंपात जन्मला, तो लिंदू. गावात वीज आली त्या दिवशी कारकुनाला मुलगा झाला, त्याचं नाव लिस्त्रिक. त्याची आजी म्हणते, उचलायला गेलं की झटका देतो. आणि माझी मावशी तेमू, म्हणजे सापडलेली. तिच्या आधीची तीन गेली होती. म्हणून हिला सुपात घालून केराच्या ढिगावर ठेवली. शेजारीण झाडू घेऊन आली, हे पोर कुणाचं म्हणून ओरडली, तिची आई गप्प. मग शेजारणीनंच उचलली. टपून बसलेल्याला वाटावं, टाकलेलं पोर, कशाला न्यायचं. मावशी ऐंशी वर्षं जगली, सगळ्यांशी भांडून.

एवढंच म्हणते, या वेळी नाव हलकं ठेव. पस्तिसाव्या दिवशी, बारशाला, मी लाल-पांढरी खीर करून आणते. कुठली बस धरू ते कळव. म्हातारीवर माया राहू दे.

तुझी आई


सेमारांग, १६ मार्च

ती. आईस नमस्कार.

येऊ नकोस. दमले म्हणून नाही, मुद्दामच लिहिलं नव्हतं.

माझा जगद दहा महिन्यांचा होता. तुझ्याकडे ठेवून मी शिवणकारखान्यात परत आले. ताप चढला तेव्हा दवाखान्यातल्या बाईनं त्याच दिवशी शहरातल्या इस्पितळात न्यायला सांगितलं होतं. तू गावातल्या म्हाताऱ्याकडे गेलीस. तो म्हणाला, जग म्हणजे केवढं, पोराला नाव पेलत नाही. तू नाव बदललंस, खीर शिजवलीस, घरोघर वाटलीस. त्यात दोन दिवस गेले, मग तोही गेला. नाव जड नव्हतं, आई. ताप होता.

हिचं नाव ठेवलेलं नाही. इस्पितळाच्या चिठ्ठीवर 'सुमार्नीची मुलगी' लिहिलंय, तेवढं पुरे.

सुमार्नी


वोनोसारी, २२ मार्च

चि. सुमार्नीस आशीर्वाद. घ्यायचे की नाहीत ते तू ठरव.

पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, मलाच अक्षर लागत नसेल. लागलं. तू लिहिलंस ते सगळं खरं आहे. खीर अकरा घरी दिली. भांडी अजून एका घरून परत यायची आहेत, मी मागायला गेले नाही.

एक गोष्ट तुला सांगितली नव्हती. म्हाताऱ्यानं बजावलं होतं, जुनं नाव तोंडातून काढायचं नाही, काढलं की ताप वाट ओळखून परत येतो. म्हणून मी त्याला दोन दिवस स्लामेत, स्लामेत अशाच हाका मारत होते. स्लामेत म्हणजे सुखरूप. तो बघेना. तिसऱ्या दिवशी इस्पितळात नेताना बसमध्ये माझा धीर सुटला आणि मी जगद म्हटलं. त्यानं डोळे उघडले. माझ्याकडे नीट बघितलं. बस अजून अर्ध्या वाटेवर होती. पोर दोन दिवस आपल्या नावाची वाट बघत होतं, आणि मी त्याला परक्याच्या नावानं बोलवत होते.

हिला हवं ते नाव ठेव, डोंगराएवढं ठेव. ताप आला तर आधी सुई, मग बाकीचं. मी येत नाही. माझं बाटिकचं जुनं लुगडं जावईबापूंच्या ओळखीच्या माणसाबरोबर पाठवते. धुऊन धुऊन मऊ झालंय, झोळीला चांगलं.

आई


सेमारांग, २८ मार्च

ती. आईस सा. न.

लुगडं मिळालं. झोळी बांधली. त्यानं डोळे उघडले होते, हे मला माहीत नव्हतं.

मी हिला पाजते, न्हाऊ घालते, पण ही माझी, हे तोंडातून निघत नाही. शेजारणी विचारतात कुणावर गेली, मी म्हणते माहीत नाही. कुणी टपून बसतं, असलं मी काही मानत नाही, तुला ठाऊक आहे. तरी ती झोपली की मी तिच्या नाकापुढे हात धरून बसते.

पस्तिसावा दिवस सहा एप्रिलला आहे. त्या सकाळी मी तिला सुपात घालून दाराबाहेर केराजवळ ठेवीन. शेजारणीला सांगायचं नाहीये मला. तू ये. नाव तेमू. खीर आणू नकोस. त्याच दिवशी दहा वाजता तिला टोचायचं आहे, दवाखान्यात तूच घेऊन जा.

सुमार्नी


वोनोसारी, १ एप्रिल

चि. सुमार्नीस अनेक आशीर्वाद.

पाच तारखेची सकाळची बस धरते. झाडू माझा आणते, तुमच्या शहरातले झाडू टक्कल पडल्यासारखे असतात. खीर आणत नाही. टोचायला नेईन आणि बाईंनी नाव विचारलं तर तेमू म्हणून मोठ्यानं सांगेन.

रीत तुला माहीत आहे. मी ओरडून विचारीन, हे पोर कुणाचं, आणि तू गप्प राहायचंस. कितीही जीव तुटला तरी गप्प. पण टोचून आणल्यावर, दार लावून, मी परत एकदा विचारीन. तेव्हा गप्प राहू नकोस.

तुझी आई