पाच लिटर जळकं ऑइल

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ७

नावेवर राहायला येऊन आज तीन आठवडे झाले. तब्येत उत्तम. एकांत उत्तम. सोनपेठचं घर इथून सहा किलोमीटर. पाहिजे तेव्हा जाता येतं. अजून गेलो नाही, हा भाग वेगळा.

कारणं लिहून ठेवतो, म्हणजे पुढे घोळ नको. डिसेंबरात लीलाला पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, पेशंटला शांतता पाहिजे. आमच्या घरात सगळ्यात मोठा आवाज माझा, एकतीस वर्षं विज्ञान शिकवून कमावलेला. तेव्हा मी बाहेर पडणं हा उपचाराचाच भाग. राजेश्री परभणीहून रजा टाकून आली आहे. मुलीचं आईशी चांगलं जमतं.

नाव बन्सीधरची. पूल होण्याआधी याच लोखंडी नावेतून माणसं, शेळ्या, मोटारसायकली गोदावरी ओलांडायच्या. पूल झाला आणि नाव काठाला लागली. आता बंधाऱ्याच्या फुगवट्यात उभी असते. वर पत्रा, आत माझी बाज, स्टोव्ह, पुस्तकं, मागे डिझेल इंजिन. ते चालू करायचं आणि लीला बरी झाली की तिला एक फेरी मारून आणायची. हा मूळ प्लॅन. कुणाला सांगितलेला नाही.

आज इंजिनातलं जुनं ऑइल काढलं. पाच लिटर. डांबरासारखं काळं. निळ्या डब्यात भरलं. जुन्याची विल्हेवाट लागल्याशिवाय नवीन टाकायचं नाही. शिस्त.

संकल्प: यातला एक थेंबही गोदावरीत जाणार नाही. मुदत: उद्या संध्याकाळ.

४ फेब्रुवारी, मंगळवार

बन्सीधर म्हणाला, "सर, घाला की बाभळीच्या बुडाला. वाळवी लागत न्हाई." मी त्याला समजावलं की एक लिटर ऑइल लाखो लिटर पाणी नासवतं. जमिनीतून झिरपून शेवटी नदीतच येतं. त्यानं सगळं ऐकलं. जाळ्याची गाठ मारली. मग म्हणाला, "मंग इंजनातच ठेवायचं व्हतं."

शिक्षण कमी पडलं की असं होतं.

मुदत गुरुवारपर्यंत वाढवली.

६ फेब्रुवारी, गुरुवार

डबा घेऊन सोनपेठला गोपाळच्या गॅरेजवर गेलो. माझा विद्यार्थी. पाया पडला. "ठेवा सर तिथं, मी बघतो." काम फत्ते. हात धुवायला मागे गेलो तर गोपाळ स्वतः एक कॅन नालीत ओतत होता. नाली पुढे ओढ्याला, ओढा गोदावरीला.

पंधरा मिनिटं बोललो. गिऱ्हाईकंही थांबून ऐकत होती. गोपाळ खाली मान घालून उभा राहिला, नववीत राहायचा तसा. डबा परत घेतला. निघताना म्हणाला, "सर, काल राजेश्रीताई मेडिकलवर भेटल्या व्हत्या. लय वाळल्यात. म्हणायल्या की..."

मी त्याला थांबवलं. विषय ऑइलचा चालला होता.

९ फेब्रुवारी, रविवार

गोपाळचा फोन. सुधारला असावा. म्हणाला, सेंट्रिंगवाले जळकं ऑइल घेतात. प्लेटांना लावतात, म्हणजे काँक्रीट चिकटत नाही. उत्तम! टाकाऊतून टिकाऊ. पत्ता घेतला. स्लॅबचं काम आमच्याच गल्लीत निघालं, घरापासून तिसरं.

डबा घेऊन गल्लीच्या तोंडाशी पोचलो. तिथून आमची गच्ची दिसते. दोरीवर गाऊन वाळत होते. चार. सगळे नवे. लीलानं आयुष्यात गाऊन घातला नाही. शेजारच्या बायका घालायच्या तर नावं ठेवायची.

ऊन फार होतं. परत आलो. तसंही रविवारी साइट बंद असणार. (मिक्सरचा आवाज येत होता. दुसरीकडचा असेल.)

१२ फेब्रुवारी, बुधवार

सरकारी ऑफिसला फोन लावले. चौथ्या फोनवर एक सभ्य माणूस भेटला. किती ऑइल आहे, विचारलं. पाच लिटर, म्हटलं. "पाचशे?" "पाच." मग म्हणाले, परवानाधारक लोक असतात, पण ते ड्रमच्या हिशेबानं उचलतात. थोडं जमू द्या.

जमू द्या! एवढी साधी गोष्ट. माझ्या पाच लिटरचा प्रश्न सुटत नाही, कारण तो लहान आहे. मोठा केला की सुटेल.

दुपारी पाटी रंगवली: जळकं ऑइल संकलन केंद्र. संपर्क: अप्पाराव सर, नावेवर. अक्षर अजून वळणदार येतं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

प्रचंड प्रतिसाद. काठावरच्या शेतातल्या बजरंगनं ट्रॅक्टरचं वीस लिटर आणून दिलं. "सर फुकट घेतेत म्हणं." सकाळी उठलो तर काठावर बेवारस डबे. खाद्यतेलाचे, रंगाचे, एक दुधाची किटली. काहींना झाकण नाही, चिंध्यांचे बोळे. आजपर्यंत ही माणसं हे कुठे ओतत होती? विचार करून अंगावर काटा आला, आणि थोडा अभिमानही वाटला.

राजेश्रीचा फोन. "बाबा, येता का? आईला दोघांनी धरलं तर उभं करता येतं. मला एकटीला जमंना." मी तिला केंद्राबद्दल सविस्तर सांगितलं. शांतपणे ऐकून घेतलं. "बरं," म्हणाली. समजूतदार आहे. आईवर गेली.

शनिवारी जायचं नक्की.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

शनिवारी गेलो नाही. केंद्र सोडून जाता येत नाही.

डबे तेवीस. बाज बाहेर काढावी लागली. पुस्तकांच्या खोक्यावर बसून झोपतो. पाठीला चांगलं असतं म्हणतात. स्टोव्ह बंद, सुरक्षेच्या दृष्टीनं. बन्सीधरची बायको पार्वतीबाई भाकरी आणून देते. आज भाकरी ठेवून उभीच राहिली. "सर, बाई तिकडं हातरुणाला खिळल्यात अन् तुमी हितं डबे राखत बसलाव?"

मी तिला पर्यावरणाचं सांगायला लागलो. ती निघून गेली होती.

भाकरीला ऑइलचा वास येतो. हाताचा असेल.

२ मार्च, रविवार

ड्रम उचलणाऱ्यांचा फोन लागत नाही.

बारा जानेवारीची दुपार. लीला उशीला टेकून बसली होती. माझ्याकडे बघून "पा, पा" करत होती. मी खुर्ची ओढून समोर बसलो. म्हटलं, हां, पुढे? नीट बोल. ओठ मिटून मग सोड. पुन्हा. पुन्हा म्हण. वर्गात म्हणायचो तसं. ती म्हणत राहिली आणि मी मान हलवत राहिलो, चूक, चूक. बोलता बोलता आवाज चढला. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तरी मला वाटलं प्रगती आहे. राजेश्री बाहेरून आली, पेला भरला, चमच्यानं तिच्या तोंडात पाणी घातलं. सात चमचे प्याली. मी बघत बसलो.

दुसऱ्या दिवशी बन्सीधरकडे आलो.

हे पान फाडायचं आहे.

८ मार्च, शनिवार

सकाळी बन्सीधर आला. "सर, मंगळवारी बंधाऱ्याचे गेट उघडायलेत म्हणं, खालच्या गावाला पाणी सोडायला. पाणी उतरंल. नावंचा दोर ढिला ठेवा, न्हाईतर टांगून ऱ्हाईल." मी हो म्हटलं. दोर मी दोन्ही टोकांना दुहेरी बांधला आहे, घट्ट. नाव हलली की लिहिताना अक्षर बिघडतं. मंगळवारी ढिला करीन. सरकारी पाणी वेळेवर सुटल्याचं एकतीस वर्षांत पाहिलेलं नाही.

११ मार्च, मंगळवार

वेळेवर सुटलं.

मी सोनपेठला मोठा ड्रम बघायला गेलो होतो. दुपारी परत आलो तर नाव एका कुशीवर टांगलेली. एक बाजू दोरावर, दुसरी पाण्यात. दार उघडं. आतले डबे सगळे खालच्या बाजूला. पाणी काळं, आणि त्यावर रंग. मोरपिसासारखे रंग. क्षणभर सुंदर दिसलं, हे खरं आहे.

बन्सीधर आणि पार्वतीबाई कमरेइतक्या पाण्यात उभे होते. कडब्याच्या पेंढ्या टाकून ऑइल अडवत होते. त्यांची जाळी तिथेच लावलेली होती. मी चप्पल काढून उतरलो. अंधार पडेपर्यंत आम्ही काळा कडबा काठावर ओढत होतो.

पार्वतीबाई एकदाच म्हणाली, "सर, बाभळीला घातलं असतं तर एक झाड मेलं असतं." बन्सीधर तिला म्हणाला, "गप ऱ्हा."

१२ मार्च, बुधवार

बन्सीधर सकाळी मासे घेऊन सोनपेठच्या बाजारात गेला. दुपारी सगळे परत घेऊन आला. लोक हातात घेतात, हुंगतात, ठेवून देतात. कुणी विचारलं, कशाचा वास, तर म्हणाला, "नदीत काय तरी आलंय." माझं नाव घेतलं नाही. हे मला गोपाळनं येऊन सांगितलं.

संध्याकाळी दोघं जाळी धुवत बसले होते. मी साबणाची पावडर घेऊन गेलो. बन्सीधर म्हणाला, "ऱ्हाऊ द्या सर. तुमच्या हातालाच लय लागलंय." जाळ्याचा धागा फुगलाय. ही जाळी गेलीच. मी म्हटलं, नवीन आणून देतो. तो म्हणाला, "जाळं इनायला चार महिने लागतेत." एवढंच.

पाटी त्यानं काढली. चुलीत घातली.

१३ मार्च, गुरुवार

नाव सरळ केली. डबे मोजले. नऊ भरलेले, बाकी रिकामे. माझा निळा डबा कडब्यात सापडला. रिकामा. पाच लिटर, पूर्ण.

गोपाळ टेम्पो घेऊन आला, नऊ डबे भरून घेतले. त्यांचं काय करणार, मी विचारलं नाही. त्यानं सांगितलं नाही.

फोन चार्ज केला. मंगळवारचे राजेश्रीचे सहा मिस्ड कॉल. मग एक व्हॉइस मेसेज. ऐकला. "बाबा, कुठं हाव? आई बोलायली. आज सकाळी बोलली. मला म्हणली, दमलीस. दोनदा म्हणली. फोन उचला ना." मागे कुणीतरी हसत होतं. लीला असावी. तिचं हसणं मी आधी असं ऐकलं नव्हतं, म्हणून खात्री नाही.

आठ वेळा ऐकला.

ठरलं. रविवारी घरी जायचं. भेटायला नाही, राहायला. आता मला कळतं काय करायचं असतं. सकाळी तिला उभं करणं माझं. औषधं माझी. राजेश्रीला परभणीला पाठवायचं, तिचा संसार आहे. शब्द चुकला तर चुकला, आपण ओळखून घ्यायचा. आणि आधी माफी मागायची. वाक्य तयार आहे. तीन वेळा म्हणून पाहिलं.

१६ मार्च, रविवार. संध्याकाळ

सगळे कपडे पिशवीत भरून सकाळी नऊला घरी पोचलो. दार राजेश्रीनं उघडलं. गोपाळ खरं बोलत होता, वाळली आहे. "या बाबा," म्हणाली. पिशवी हातातून घेतली, हुंगली. "किती वास मारायलेत. इतक्या दिवसांचे धुवायचे ठेवलेत का?" मी काही म्हणायच्या आत कपडे मशीनमध्ये पडले होते.

लीला खिडकीशी खुर्चीत होती. गाऊनमध्ये. केस कापलेत, मानेपर्यंत. पाण्याची बाटली डाव्या हाताशी. माझ्याकडे बघितलं. ओळखलं, त्यात शंका नाही. मी स्टूल ओढून बसलो. माफीचं वाक्य काढलं. तेवढ्यात तिची चालायची वेळ झाली.

मी उठलो धरायला. राजेश्री म्हणाली, "ऱ्हाऊ द्या बाबा, तुमची सवय न्हाई, ती घाबरती." लीलानं वॉकर धरला आणि स्वतः उठली. राजेश्री नुसती मागे. स्वयंपाकघरापर्यंत आणि परत. बावीस पावलं. मी भिंतीला चिकटून जागा दिली.

मधल्या खोलीतला माझा पलंग नाही. तिथे व्यायामाची सतरंजी आणि भिंतीला दांडी. चांगलं केलंय. जागा मोकळी झाली.

जेवलो. मी एक-दोनदा बोललो, आवाज बारीक ठेवून. लीला ऐकत होती. राजेश्रीशी ती बोलते. एक शब्द, मग थांबते, मग दुसरा. "मीठ." "पंखा." दोघींचं ठरलेलं आहे, अर्ध्या शब्दात कळतं. मी तिला काही विचारलं की ती राजेश्रीकडे बघते. एकदा मला वाटलं ती मला काही सांगते आहे, "पा" असं काहीतरी. मी धावत जाऊन पेला भरून आणला. तिला पाय खाली घ्यायचा होता.

परभणीचं विचारलं तर राजेश्री म्हणाली, तिनं इथल्याच शाळेत बदली मागितली आहे. मिळेल. जावईही येणार आहेत. महिन्यापूर्वी ठरलं. "तुम्हाला सांगायचं व्हतं, पण तुमचं ते केंद्र चालू व्हतं."

चारपर्यंत कपडे वाळले. राजेश्रीनं लीलाच्या मांडीवर आणून टाकले, हाताचा व्यायाम म्हणून. लीला एकेक शर्ट घेऊन डाव्या हातानं घडी घालत बसली. बाही दुमडायची, हनुवटीनं दाबायचं, मग दुसरी बाही. मी समोर बसून बघत होतो. पाऊण तास लागला. नऊ शर्ट, चार पँटी, तीन बनियन. माझ्या हयातीत इतक्या नीट घड्या पाहिल्या नाहीत. मग पिशवीत रचले, एकावर एक, आणि पिशवी पायानं माझ्याकडे सरकवली.

मी म्हणणार होतो, हे धुवायला आणलेले नव्हते.

लीलानं माझ्याकडे बघितलं. जिवणी गोळा केली. मी थांबलो, मध्ये काही बोललो नाही, ओळखायलाही गेलो नाही. एकेक शब्द, पण स्वच्छ.

"चहा. घेऊन. जा."

चहा घेतला. साडेपाचची एसटी मिळाली. बसायला जागा होती.